पुस्तकालाही वय असतं : ग्रंथपालांना खुलं पत्र

सर्व वाचनालयांतले ग्रंथपाल आणि ग्रंथनिवड समित्यांचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

मी दोन मुलांची आई आणि वाचनालयाची जुनी सभासद. ‘बालविकास आणि पालकत्व’ अशी पट्टी लावलेलं एक कपाट तुमच्याकडे असतं, त्याबद्दल हे पत्र आहे. त्या कपाटाशी येणारा माणूस बाकीच्या वाचकांसारखा नसतो. पुस्तकं चाळत उभं राहायला त्याला वेळ नसतो. रात्रभर जागलेला असतो, कुणाच्या तरी बोलण्याने धास्तावलेला असतो, आणि हाताला लागेल ते पुस्तक नोंदवून निघतो. कादंबरी चुकीची निवडली तर एक संध्याकाळ वाया जाते. इथे चुकीचं पुस्तक हाती पडलं तर ते घरातल्या सगळ्यांत लहान माणसावर वापरून बघितलं जातं.

माझंच सांगते. थोरली आठ महिन्यांची होती तेव्हा मी असंच एक पुस्तक घरी नेलं. कापडी बांधणीचं, हाताळून हाताळून मऊ पडलेलं. छपाईचं साल असतं ते पान फाटून गेलं होतं. आत महिनावार तक्ता होता, आणि आठव्या महिन्याच्या रकान्यात लिहिलं होतं की मूल आता रांगू लागतं. आमची रांगत नव्हती. बसवली की खुशाल बसून राहायची. काही हवं असलं की एक पाय मुडपून घ्यायची आणि एका हाताने जमीन मागे ढकलत बसल्या बसल्याच सरकायची. तक्त्यात बसून सरकण्याला रकाना नव्हता. मग मी तिला दिवसातून चार-चार वेळा पालथी घालू लागले. ती मान उचलून माझ्याकडे बघायची, ओठ काढायची, मग रडून रडून लाल व्हायची. आणि मी घड्याळाकडे बघत म्हणायचे, अजून दोन मिनिटं. हे दीड महिना चाललं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

त्याच पानाच्या समासात, त्याच ओळीपुढे, कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘आमचा नाही रांगत.’ नाव नाही, तारीख नाही. त्या तीन शब्दांकडे मी किती वेळा बघितलं असेल याची गणती नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या नोंदी त्यामागे आहेत. निरोगी मुलं हातगुडघ्यांवर रांगू लागली ती ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत कधीही. आधाराशिवाय चालू लागली ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे एक निरोगी मूल चालायला लागलं तरी दुसऱ्या तितक्याच निरोगी मुलाला अजून नऊ महिने लागू शकतात. आणि या मुलांपैकी ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. माझी लेक पंधराव्या महिन्यात चालली. ही चार वाक्यं त्या वेळी माझ्या हाती असती तर आम्हा दोघींचा तो दीड महिना वेगळा गेला असता.

त्या तक्त्यातला महिना खोटा होता असं मी म्हणत नाही. पण सरासरीचा एकच आकडा छापला की पालकाला ती मुदत वाटते, आणि मुदत टळली की आपलं मूल नापास झालं असं वाटतं. चांगल्या पुस्तकात आकडे जोडीने येतात : कधीपासून, आणि कधीपर्यंत. आणि त्या ‘कधीपर्यंत’च्या पुढे काय करायचं तेही येतं. नुसतं ‘प्रत्येक मूल वेगळं असतं, काळजी करू नका’ म्हणणारं पुस्तकही मला तितकंच घातक वाटतं. मूल शिकलेली गोष्ट विसरू लागलं, येत असलेले शब्द किंवा हालचाली नाहीशा होऊ लागल्या, तर वय कितीही असो, वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं असतं. हे वाक्य ज्या पुस्तकात नाही त्याने पालकांना दिलासा देऊ नये. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२२ मध्ये आपले तक्ते याच विचाराने बदलले. पूर्वी त्यांत साधारण निम्म्या मुलांना जमणाऱ्या गोष्टी होत्या. आता त्या वयाच्या ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जमणाऱ्या गोष्टीच ठेवल्या आहेत, म्हणजे जमत नसेल तर ‘थांबून बघू’ न म्हणता पालकाने विचारायला जावं. रांगणं त्यांनी यादीतून काढूनच टाकलं.

आता माझं मुख्य मागणं. या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचं वय बाहेरून दिसू दे. कणावर, ठळक आकड्यांत, त्या आवृत्तीचं साल.

हे एवढं आग्रहाने का म्हणते, त्यासाठी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचंच उदाहरण घेते, कारण ते वाईट लेखक मुळीच नव्हते. त्यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली आलं आणि जगभर कोट्यवधी घरांत गेलं. आईबापांनी स्वतःवर भरवसा ठेवावा, मुलाला जवळ घ्यावं, हे त्यांनी अशा काळात सांगितलं जेव्हा डॉक्टर मंडळी घड्याळ बघून दूध पाजायला सांगत होती. पण पन्नाशीच्या दशकात त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एक बदल आला : बाळाला पालथं झोपवावं. कारण दिलं होतं, उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल. ऐकायला किती पटतं! पुढे दिसून आलं ते नेमकं उलट. पालथं झोपणाऱ्या तान्ह्या बाळांत झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. अमेरिकेत १९९४ पासून ‘बाळाला उताणं झोपवा’ अशी मोहीम चालली, आणि काही वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००५ मध्ये काही संशोधकांनी जुने सगळे अभ्यास आणि जुनी पुस्तकं एकत्र लावून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा की १९७० पर्यंतच पुरेसा पुरावा जमा झाला होता. तो वेळीच ओळखला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती.

एका चांगल्या पुस्तकातलं एक वाक्य. पुस्तक नंतर सुधारलं गेलं, पण वाचनालयाच्या फळीवरची प्रत आपोआप सुधारत नाही. ती तशीच उभी राहते, कापडी बांधणीत, विश्वासू दिसत.

आणि ही फार जुनी गोष्ट आहे असं समजू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी घ्या. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. २०१५ मध्ये ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर, पहिल्या वर्षातच, शेंगदाणा खाऊ लागलेल्या बाळांत ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (तीव्र इसब असलेल्या किंवा आधीच काही अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नसतं.) पंधरा वर्षांत सल्ला पूर्ण फिरला. २००३ साली छापलेलं पुस्तक अजून नवं दिसतं, कोरं करकरीत, मुखपृष्ठावर हसरं बाळ.

म्हणून माझी सूचना अशी की या एका कपाटाला दोन नियम लावावेत. झोप, आहार, लसीकरण, औषधं, अपघात यांबद्दल सल्ला देणारं पुस्तक जुनं झालं की त्याने खुल्या फळीवरून उतरलं पाहिजे. संदर्भासाठी ठेवा, अभ्यासकांना द्या, पण नवख्या आईच्या हाती नको. मुलाच्या मनाबद्दल, वागण्याबद्दल बोलणारी पुस्तकं मात्र सालावरून बाद करू नका. त्यांतली काही साठ वर्षांची झाली तरी ताजी आहेत. काही मात्र पहिल्या दिवसापासून शिळी होती.

शिळी कोणती, तेही सांगते. जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये आईबापांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना मिठी मारू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री कपाळावर एक मुका घ्या, आणि सकाळी हस्तांदोलन करा. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की ते पुस्तक लिहिण्याइतकं आपल्याला कळत नव्हतं. पण तोवर किती मुलं मांडीवाचून वाढली असतील? मुलांच्या मनोविकारांवर लिहिणाऱ्या ब्रूनो बेटलहाइम यांचं १९६७ चं पुस्तक तर मला त्याहून क्रूर वाटतं. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, मूळ त्यांनी आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणात शोधलं. तीन वर्षं आधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी ही जडणघडण मुळात शरीराची, मेंदूची आहे हे पुस्तक लिहून मांडलं होतं. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. गाजलं बेटलहाइम यांचं. आधीच थकलेल्या कितीतरी आयांनी ते वाचून आपल्याच मुलाची अपराधी म्हणून दिवस काढले.

आईवर खापर फोडणं ही या कपाटातली जुनी खोड आहे, आणि ती आजही नव्या मुखपृष्ठांत येते. एखादं पुस्तक निवडायचं की नाही अशी शंका आली तर मधलं कुठलंही पान उघडा आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारा : हे वाचून मला मुलाकडे जावंसं वाटतंय, की माझीच लाज वाटतेय?

आता मला जी पुस्तकं या कपाटात, आणि डोळ्यांच्या उंचीवर, हवी आहेत त्यांबद्दल.

डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. रेडिओवरून त्यांनी आयांशी केलेल्या गप्पांतून १९६४ चं त्यांचं पुस्तक आकाराला आलं. ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना त्यांची. सुरुवातीला आई बाळाची जवळजवळ प्रत्येक गरज ओळखते, आणि मग हळूहळू, बाळाला झेपेल इतपतच, कमी पडू लागते. त्या कमी पडण्यातून मुलाला कळतं की जग आपल्या इच्छेबाहेरही आहे. मी हे वाचलं तेव्हा धाकटा चार महिन्यांचा होता आणि भांडी आवरून येईपर्यंत तो दोन मिनिटं कुरकुरत पडला होता. पुस्तक मिटवून मी पहिल्यांदा शांतपणे त्याच्याकडे चालत गेले, धावले नाही.

स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञांचं काम तर प्रत्येक दोन मुलांच्या घरात पोचायला हवं. १९५६ पासून त्यांनी तान्ह्या बाळांच्या नोंदी ठेवल्या आणि ती मोठी होईपर्यंत ठेवतच राहिले. एक बाळ नव्या माणसाकडे झेपावतं, दुसरं काठावर थांबून अंदाज घेतं. एकाची भूक-झोप ठरल्या वेळी, दुसऱ्याचा काही नेम नाही. हे स्वभाव जन्मापासूनचे. चाळीसेक टक्के मुलं सांभाळायला सोपी, दहाएक टक्के अवघड, पंधराएक टक्के हळूहळू खुलणारी, आणि उरलेली कुठल्याच खान्यात नीट न बसणारी. पण त्यांचा खरा मुद्दा वर्गवारीचा नव्हता. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, असं त्यांनी मांडलं. त्यांचं पालकांसाठीचं पुस्तक १९६५ चं आहे. हे जुनं म्हणून काढू नका.

बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझल्टन यांचं १९९२ चं पुस्तक मला आणखी एका कारणासाठी हवं. मूल नवी उडी घेण्याआधी थोडं मागे येतं, हे त्यांनी फार चांगलं समजावलं आहे. धाकटा दहा महिन्यांचा असताना पुन्हा रात्री उठायला लागला. बघते तर पाळण्याचा कठडा धरून अंधारात उभा, गुडघे थरथरताहेत, आणि रडतोय. उभं राहायला शिकला होता, खाली बसायला शिकला नव्हता. त्याला काही दुखत नव्हतं, कुणी लाडावलंही नव्हतं. दिवसा मी त्याचे गुडघे हळूच दुमडून खाली बसायला शिकवलं, चार-पाच दिवस, आणि रात्री पुन्हा शांत झाल्या.

मुलांची समज कशी वाढते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचे मूळ ग्रंथ जड आहेत, ते कुणा दमलेल्या बापाला देऊ नका. पण त्यांची पद्धत सांगणारं एखादं सोपं पुस्तक जरूर ठेवा. त्यांनी आपल्या तीन मुलांकडे तासन् तास बघून नोंदी केल्या. खेळणं बाळाच्या डोळ्यांदेखत कापडाखाली लपवलं तर काय होतं? मी किल्ल्यांचा जुडगा रुमालाखाली ठेवून बघितला. सहाव्या महिन्यात धाकट्याने रुमालाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि विषय संपला. नवव्या महिन्यात त्याने रुमाल ओढून भिरकावला आणि जुडगा उचलून असा काही हसला की मी तो खेळ वीस वेळा खेळले. बाळांना लपलेली वस्तू ‘आहे’ हे पियाजे म्हणत त्यापेक्षा लवकर कळत असावं, असं १९८५ च्या सुमाराच्या प्रयोगांनी दाखवलं. ते खरं असलं तरी बघण्याची ती सवय लागली की मुलाबरोबरचा कंटाळवाणा दिवस कंटाळवाणा राहत नाही.

बोलायला शिकलेल्या मुलांच्या पालकांसाठी अडेल फेबर आणि इलेन मॅझलिश यांचं १९८० चं पुस्तक. मुलाला काय वाटतंय ते आधी मान्य करा, उपाय मागाहून, एवढंच त्याचं सार आहे. मात्र त्यातली वाक्यं पाठ करून म्हटली तर मुलं तिसऱ्या दिवशी ओळखतात, असा माझा अनुभव आहे. आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन गॉपनिक यांचं २०१६ चं पुस्तक. मूल घडवायला निघालेला पालक सुतारासारखा असतो, आणि मुलाला वाढायला जागा करून देणारा माळ्यासारखा, हा त्यांचा दृष्टांत आहे. मला तो सगळ्यांत जवळचा.

एका प्रकारच्या पुस्तकांबद्दल मात्र खबरदारी घ्या : जी मुलाचं भविष्य विकतात. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ या म्हणीवर आपला फार जीव आहे, आणि प्रकाशकांना ते पक्कं ठाऊक आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा छोटा प्रयोग आला. मोत्सार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत दहा मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांची कामगिरी किंचित सुधारली, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. त्या प्रयोगात एकही बाळ नव्हतं. त्यावर बाळांना हुशार करणारी पुस्तकं आणि सीडी यांचा बाजार उभा राहिला.

मार्शमेलोचा प्रयोगही असाच. समोरची गोड वडी आत्ता न खाता थांबलं तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असं शेकडो पानांत छापलं गेलं. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी बराच विरला. त्याआधी २०१३ मध्ये झालेला छोटा प्रयोग मला जास्त शिकवून गेला. ज्या मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला होता त्याच्यासमोर मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्याने शब्द मोडला होता त्याच्यासमोर तीन. ज्याला आपण मुलाचा संयम म्हणतो त्यात आपल्या शब्दाची किंमत किती मिसळलेली असते! हे वाचल्यापासून ‘पाच मिनिटांत येते’ असं मी मुलांना उगाच म्हणत नाही.

आणखी काही छोट्या गोष्टी. वडिलांसाठी वेगळा कोपरा करू नका, त्यांना सगळं कपाट द्या. पण मुखपृष्ठापासून शेवटापर्यंत फक्त आईशीच बोलणारी पुस्तकं कमी करा. तान्ह्या बाळाच्या घरी पुस्तक पंधरा दिवसांत वाचून होत नाही, तेव्हा या कपाटापुरती मुदत वाढवा आणि दंड माफ करा. जाडजूड ग्रंथांशेजारी बारीक, एका हातात मावणारी पुस्तकं ठेवा, कारण दुसऱ्या हातावर मूल असतं. ऐकायची पुस्तकं मिळाली तर उत्तमच. आणि प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानाला एक चिठ्ठी डकवा. आवृत्तीचं साल, कोणत्या वयाच्या मुलासाठी, आणि यातला कोणता सल्ला आता मागे घेतला गेला आहे. शेवटची ओळ लिहिताना एखाद्या बालरोगतज्ज्ञाला किंवा आरोग्यसेविकेला विचारा. ज्यांना रोज पालक भेटतात त्यांना ती दोन मिनिटांत सांगता येते.

माझी लेक चालायला लागली त्या महिन्यात मी ते कापडी बांधणीचं पुस्तक मुद्दाम पुन्हा मागून घेतलं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मला माहीत आहे, तरी ‘आमचा नाही रांगत’ या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं : ‘आमचीही नाही रांगली. पंधराव्या महिन्यात चालली.’

गेल्या महिन्यात फळीवर ते पुन्हा दिसलं. तेच पान उघडलं. माझ्या ओळीखाली आता तिसरं अक्षर आहे, घाईत लिहिलेलं, पेनाने : ‘किती महिन्यांपर्यंत वाट बघायची?’

त्या पुस्तकात याचं उत्तर नाही. ते तुमच्या चिठ्ठीवर हवं आहे.

आपली,
एक वाचक आई